उथळ पाण्यांतलें जहाज

श्रोतेहो, हिंगोलीच्या माणसानें समुद्राच्या तळाविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कांहींना हसूं आलें असेल. त्यांत मला वावगें वाटत नाहीं. आमच्या जिल्ह्यापासून समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी ४०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कयाधूला पूर आला, किंवा सिद्धेश्वर धरण भरलें, म्हणजे पाण्याचा जो काय विस्तार आमच्या दृष्टीस पडतो तेवढाच. बाकी वर्षभर आमचा पाण्याशीं संबंध येतो तो आडाशीं आणि विहिरीशीं. परंतु बुडालेली वस्तु तळाशीं जाऊन पाहण्याची विद्या मी प्रथम पाहिली ती एका आडाच्याच कांठावर, म्हणून प्रारंभ तेथूनच करतों.

माझ्या लहानपणीं आमच्या गांवांत एक गृहस्थ होते. सारा गांव त्यांना मामा म्हणे. दोर तुटून कोणाची घागर आडांत पडली, कीं आधीं गळ टाकून पाहावयाचें, आणि गळाला ती लागली नाहीं तर मामांना बोलवावयाचें, अशी रीत होती. मामा दोराला धरून खालीं उतरत, छाती भरून श्वास घेत आणि पाण्यांत दिसेनासे होत. आम्ही मुलें वरून आंकडे मोजीत असूं. घागर तर वर येईच. पण पुष्कळदां तिच्याबरोबर दुसऱ्याच कोणाचा तांब्या, एखादें वाळें, कधीं पितळी डाव असें कांहीं तरी वर येई. तें सारें मामा कांठावर मांडून ठेवीत आणि म्हणत, "ज्याचें त्यानें ओळखून न्यावें." स्वतःच्या घरीं त्यांनीं कधीं साधी वाटीहि नेली नाहीं. पाठीला भोपळा बांधून मला पोहावयास शिकविलें तें त्यांनींच. बुडी मारतांना छातींत भरलेला श्वास शेवटपर्यंत सोडावयाचा नाहीं, हा त्यांचा पहिला धडा. आणि खालीं सांपडलेली वस्तु आपली समजावयाची नाहीं, हा दुसरा.

पुढें मी शिक्षक झालों. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत गोव्यास गेलों असतां, ग्रँड बेटाजवळ बुडालेल्या एका लोखंडी आगबोटीचे अवशेष पाण्याखालीं जाऊन पाहण्याचा योग आला. त्या वेळीं मामांचा पहिला धडा मीं नको तेथें पाळला आणि दुसरा पाळावयाचा तो विसरलों. त्यामुळें जी फजिती झाली ती आज आपणांस सांगावयाची आहे; कारण तिच्यामुळेंच मला एक गोष्ट उमगली. खोल पाण्याला आपण सर्वच भितों. पण बुडालेल्या जहाजाला, आणि तें पाहावयास जाणाऱ्या माणसालाहि, उथळ पाण्याचें भय कमी नाहीं. कांहीं बाबतींत तें अधिकच आहे.

प्रथम साधनाविषयीं थोडें सांगतों. माणसाला पाण्याखालीं मोकळेपणानें फिरतां यावें, वरच्या नळीनें त्याला बांधून टाकूं नये, अशी खटपट फार दिवस चालली होती. ती सुकर केली १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमील गान्यां हा यंत्रविशारद या दोघांनीं. पाठीवर कोंडलेल्या हवेची टाकी, आणि त्या हवेला आवर घालणारी एक झडप, एवढाच या युक्तीचा गाभा. टाकींत निव्वळ प्राणवायु असतो असें पुष्कळांना वाटतें, तसें नाहीं. आपण आतां घेत आहोंत तीच साधी हवा तींत ठासून भरलेली असते. बारा लिटरांची टाकी घेतली आणि वातावरणाच्या २०० पट दाबानें भरली, तर तींत सुमारें २,४०० लिटर हवा मावते. झडपेचें काम असें, कीं आपण श्वास ओढूं तेव्हांच हवा सोडावयाची, आणि ती सोडावयाची तीहि भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबानें. या साधनाला आज सर्वत्र स्कूबा म्हणतात.

आतां उथळ पाण्याचें भय कोठें आहे तें पाहूं. समुद्राच्या पृष्ठभागीं आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खालीं गेलें कीं तो दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट, तीस मीटरांवर चौपट. आणि दाब वाढला कीं हवेचें आकारमान त्याच प्रमाणांत घटतें, हा बॉइलचा नियम तर १६६२ सालापासून प्रसिद्ध आहे. आतां हिशेब उलटा करा. तीस मीटरांवरून वीस मीटरांवर येतांना फुप्फुसांतील हवा एकतृतीयांशानें वाढूं पाहते. परंतु दहा मीटरांवरून पृष्ठभागीं येतांना तीच हवा दुप्पट होऊं पाहते. म्हणजे तळापासून वर येण्याच्या वाटेवरचा सर्वांत नाजूक टप्पा हा शेवटचा, ज्याला आपण निर्धास्तपणें उथळ म्हणतों तोच होय. फुप्फुसें कांहीं रबरी फुग्याप्रमाणें ताणलीं जात नाहींत. श्वास कोंडून वर येणाऱ्या माणसाचीं फुप्फुसें अवघ्या दीड मीटरांच्या चढानेंहि फाटूं शकतात. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा, कीं पाण्याखालीं श्वास कधींहि रोखून धरावयाचा नाहीं. आणि दुसरा असा, कीं वर यावयाचें तें मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगानें यावयाचें नाहीं.

मामा मात्र श्वास कोंडूनच वर येत आणि त्यांना कांहीं होत नसे. कारण उघड आहे. त्यांनीं श्वास घेतलेला असे तो पाण्यावर. तो खालीं जातांना आकसे आणि वर येतांना पुन्हा मूळ आकाराला येई. त्याहून मोठा होण्याचा प्रश्नच नव्हता. स्कूबावाला श्वास घेतो तो तळाशीं, दाबाखालच्या हवेचा. एकच कृति आडांत तारक ठरते आणि समुद्रांत मारक ठरते, ती या भेदामुळें.

माझे मार्गदर्शक वास्कोकडील एका मच्छीमार कुटुंबांतले तरुण गृहस्थ होते. त्यांनीं आदल्या दिवशीं हें सर्व मला समजावून सांगितलें आणि माझ्याकडून पाठहि करून घेतलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही होडींतून निघालों. पाठीवर टाकी, कमरेला शिशाचीं वजनें, डोळ्यांवर कांच, पायांना रबरी वल्हीं, असा थाट करून मी पाण्यांत उतरलों. दर हातभर खोलीला कान दुखूं लागत. नाक चिमटींत धरून हळूच फुंकर मारली कीं कानांत टक् असा आवाज होई आणि दुखणें थांबे. पाण्यांतून सर्व वस्तु असतात त्याहून जवळ आणि सुमारें एकतृतीयांशानें मोठ्या दिसतात. तांबडा रंग सर्वांत आधीं नाहींसा होतो. माझ्या मनगटावरचा लाल दोरा थोड्याच वेळांत काळसर तपकिरी झाला. आवाज तर चोहोंबाजूंनीं एकदम येतो. कोणत्या दिशेनें आला तें कळतच नाहीं. कारण पाण्यांत ध्वनि हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणीं आदळतो.

बुडालेलें जहाज म्हणजे उभी डोलकाठी, कलता कठडा, कॅबिनीचीं दारें असें कांहीं चित्र माझ्या मनांत होतें. प्रत्यक्षांत जें दिसलें तें फार निराळें. शेताच्या कडेला पडलेल्या जनावराच्या सांगाड्यासारख्या लोखंडी फासळ्या वाळूंतून वर आलेल्या होत्या. पत्रे वांकलेले, त्यांवर शिंपल्यांचा आणि शेवाळाचा जाड थर. त्या फासळ्यांमधून पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे आमची पर्वा न करतां ये-जा करीत होते. थोडें पुढें गेलें कीं सारेंच हिरवट धुक्यांत विरून जाई. आम्ही होतों ती खोली अवघी सात मीटरांची, म्हणजे आमच्याकडील एखाद्या खोल विहिरीहूनहि कमी.

एका फासळीच्या बुडाशीं, वाळूंत अर्धवट रुतलेली, बांगडीएवढी एक कडी मला दिसली. पितळेची असावी. माझ्या वर्गांतील चाळीस मुलांपैकीं एकानेंहि समुद्र पाहिलेला नाहीं. त्यांच्यापुढें ही कडी ठेवली तर त्यांचे डोळे कसे विस्फारतील, असें मनांत आलें आणि मीं ती उचलली. उचलतांक्षणींच मी हिंगोली जिल्ह्यांतल्या त्या आडांत पोंचलों. वस्तु हाताला लागली, आतां छाती भरून घ्यावयाची, तळाला पाय लावावयाचा आणि वर सुटावयाचें! मीं खरोखरच तसें केलें. श्वास भरला, कोंडला आणि वाळूला लाथ मारली.

मी हातभरहि वर गेलों नसेन, तोंच माझ्या जाकिटाचा पट्टा कोणी तरी धरला. मार्गदर्शकांचा चेहरा माझ्या कांचेपाशीं आला. त्यांनीं आपल्या तोंडाकडे बोट दाखविलें आणि बुडबुड्यांची एक लांब माळ सोडली. पुन्हा बोट दाखविलें, पुन्हा माळ सोडली. तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें आणि मीं श्वास सोडला. सात मीटरांवर भरून घेतलेली सहा लिटर हवा पृष्ठभागीं येईपर्यंत दहा लिटर होऊं पाहते. ती मावणार कोठें? नंतर त्यांनीं माझ्या मुठीकडे बोट केलें. मूठ उघडली. त्यांनीं मला हाताला धरून त्याच फासळीपाशीं नेलें आणि जेथून कडी उचलली होती तो खळगा दाखविला. मीं ती होती तशी ठेवली.

होडींत चढल्यावर मी ओशाळून म्हटलें, "शाळेंतल्या मुलांना दाखवावयास नेणार होतों." ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "मास्तर, तुमची मुलें कडी पाहतील, पण उद्यां मी ज्यांना घेऊन येईन त्यांनीं काय पाहावयाचें?"

जहाजाला उथळ पाण्याचें भय असतें तें हें. खोल, काळोख्या पाण्यांत सहसा कोणी फिरकत नाहीं, आणि वरच्या लाटांचा उपद्रवहि तेथपर्यंत पोंचत नाहीं. उथळ पाण्यांतल्या जहाजावर मात्र प्रत्येक पावसाळा आपले घाव घालीत असतो. लाटा तळापर्यंत पोंचून अवशेष खडकांवर आपटतात आणि दूरवर पसरून देतात. लांकूड पोखरणारे समुद्रकिडे लांकूड फस्त करतात. यांतूनहि जें उरतें तें माझ्यासारख्याच्या हाताच्या टप्प्यांत येतें.

आणि जें उरतें तें किती मोलाचें असतें, याचें उदाहरण त्याच परिसरांत आहे. गोव्यांतील दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील समुद्री पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनीं गेल्या शतकाच्या अखेरीपासून या किनाऱ्याजवळच्या बुडालेल्या जहाजांचा शोध चालविला आहे. मुरगांवजवळ सुंची नांवाचा खडक आहे. त्याच्या आसपास तीन ते सहा मीटर पाण्यांत, सतराव्या शतकाच्या प्रारंभींच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष त्यांना मिळाले. जहाजाचें लांकूड केव्हांच गेलें होतें. परंतु हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दांत होते, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते, मर्तबान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या बरण्यांचीं खापरें होतीं, घडीव दगडी चिरे होते, तोफा आणि नांगर होते. ज्या बरणीला आपण घरोघर बरणी म्हणतों आणि हिंदींत मर्तबान म्हणतात, तिचें हें नांव ब्रह्मदेशांतील बंदराचें आहे. पाणघोडा आपल्या देशांत नाहीं. त्याचे दांत आले ते आफ्रिकेंतून. चिनी भांडीं आलीं तीं पूर्वेकडून. आफ्रिका आणि चीन या दोन टोंकांचा माल गोव्याच्या दारांत एका ठिकाणीं सांपडावा, यावरून त्या काळच्या व्यापाराचें जाळें डोळ्यांपुढें उभें राहतें. हे दांत कोणी आपल्या दिवाणखान्यांत नेऊन ठेवले असते, तर ते नुसते दांत राहिले असते. चिनी खापरांच्या शेजारीं ते पडलेले होते, हीच त्यांची खरी साक्ष आहे.

दुसरें उदाहरण आपणां सर्वांच्या डोक्यावरचें आहे. म्हणजे अक्षरशः डोक्यावरचें. मंगळुरी कौल आपणांस ठाऊक आहे. त्याच परिसरांतील सेंट जॉर्ज खडकाजवळ भाजलेल्या मातीच्या मालानें भरलेल्या जहाजाचे अवशेष मिळाले. कोन्याचीं कौलें, विटा, नळ, खांबांचे नक्षीदार भाग असा तो माल होता; आणि त्यांतील कांहीं वस्तूंवर बाझेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचें नांव व १८६५ हें साल उमटविलेलें होतें. एखादा उतावळा माणूस म्हणेल, जहाज १८६५ सालीं बुडालें. पण १८६५ हें साल मंगळुरास तो कारखाना निघाल्याचें आहे. जहाज त्यानंतर केव्हां तरी बुडालें, एवढेंच त्या शिक्क्यावरून सिद्ध होतें. बाकीचा निर्णय सर्व वस्तु जागच्या जागीं पाहून, मोजून, त्यांचा नकाशा काढूनच करावा लागतो. शिक्क्याच्या चार विटा पर्यटकांनीं उचलून नेल्या, तर कारखान्याचें नांवहि गेलें आणि सालहि गेलें.

उचलून नेलेली वस्तु घरांत तरी टिकते काय? तीहि टिकत नाहीं. शतकभर खाऱ्या पाण्यांत राहिलेल्या लोखंडाच्या अंगांत मीठ मुरलेलें असतें. तें हवेंत आणलें कीं झपाट्यानें गंजतें आणि त्याच्या खपल्या पडूं लागतात. भिजलेलें लांकूड वाळतांना आकसतें आणि तडकतें. खापरांतील मीठ सुकून त्याचे स्फटिक होतात आणि ते वरचा झिलईचा थर उचकटून टाकतात. म्हणून प्रयोगशाळेंत अशा वस्तु महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें, गोड्या पाण्यांत ठेवून त्यांतील क्षार काढावे लागतात. तुमच्या-माझ्या कपाटांत हें घडणें शक्य नाहीं.

कायदाहि या बाबतींत गप्प नाहीं. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण दिलें आहे. पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाविषयींचा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार २००१ सालीं झाला. त्याचेंहि पहिलें तत्त्व हेंच, कीं शक्य तोंवर असे अवशेष आहेत तेथेंच सुरक्षित राखावे. आणि कायद्याच्याहि पलीकडची एक गोष्ट आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या अपघाताची आठवण ज्या घरांतून निघते, त्या घरांतल्या माणसाला बुडालेलें जहाज ही निव्वळ गमतीची वस्तु वाटणार नाहीं. प्रत्येकच बुडालेल्या जहाजावर माणसें मेलीं असतात असें नाहीं. पण आपण कोणाच्या तरी शेवटच्या प्रवासापाशीं उभे आहोंत, हें भान तेथें असावें.

मग सामान्य माणसानें तळाशीं जाऊंच नये काय? अवश्य जावें. मालवण-तारकर्लीला आज हजारों लोक पाण्याखालचें जग पाहून येतात. २०२४ सालीं निवृत्त झालेली नौदलाची 'गुलदार' ही नौका २०२५ सालीं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हातीं आली, आणि सिंधुदुर्गांत निवतीजवळच्या समुद्रांत ती बुडवून तिचेंच संग्रहालय करावयाचें, अशी योजना आंखली गेली. मला ही कल्पना आवडली. तेल आणि घातक पदार्थ काढून, मुद्दाम बुडविलेल्या जहाजावर नवशिक्यांनीं हात बसवावा आणि जुन्या, सांगाडा झालेल्या जहाजांकडे मग सवडीनें व आदरानें जावें, हें उत्तम. मात्र जाणाऱ्यानें वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, सर्दी असतां उतरूं नये, एकट्यानें कधीं जाऊं नये, श्वास कोंडूं नये, आणि हात रिकामे आणावे.

मीं हात रिकामे आणले. सुटी संपून शाळा उघडली तेव्हां मुलांनीं विचारलें, "गुरुजी, समुद्रांतून आमच्यासाठीं काय आणलें?" मीं फळ्यावर त्या फासळ्यांचें चित्र काढलें आणि एका फासळीच्या बुडाशीं खडूनें लहानसें वर्तुळ केलें. मग मामांची गोष्ट सांगितली, आणि माझ्या फजितीचीहि. सर्वांचें हसून झाल्यावर मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "ती कडी अजून तेथेंच असेल का?"

"असावी," एवढेंच मीं म्हटलें. त्याहून अधिक खात्रीनें मला सांगतां आलें नाहीं. माझ्यामागून तेथें कितीक जण उतरले असतील, आणि आतां हें भाषण ऐकणाऱ्यांपैकींहि कोणी उतरतील. त्यांना ती कडी दिसली, तर तिच्याकडे आमच्या चाळीस मुलांच्या वतीनें क्षणभर पाहावें, आणि श्वास सोडीत सावकाश वर यावें. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.